मुलींचं मैदान आणि चाळीस फिंजानं

स्त्री-पुरुष समानता माझ्या घरात पाण्याच्या टाकीतून आली. इतरांच्या घरात ती पुस्तकांतून येते, भाषणांतून येते, आमच्याकडे ती जिन्यावरून खाली वाहत आली आणि अबू नौफलच्या बैठकीच्या खोलीत शिरली.

आमच्या दैर अल-लौज गावात नळाला पाणी येतं मंगळवारी. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरायच्या आणि पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत त्यांच्यावर जगायचं. इथे माणूस बायकोवर एकवेळ आवाज चढवेल, पण टाकीकडे वाकड्या नजरेने बघणार नाही. आणि अशा भरल्या मंगळवारी माझी मुलगी सदीन मैत्रिणींबरोबर गच्चीवर फुटबॉल खेळत होती. सदीन गोलकीपर आहे, उत्तम आहे म्हणतात. तो एक चेंडू तेवढा तिच्या हातून सुटला. तो टाकीच्या पाइपावर बसला, पाइप तुटला, आणि आठवड्याचं पाणी खालच्या मजल्यावर अबू नौफलच्या नव्याकोऱ्या गालिच्यावर जाऊन थांबलं. अबू नौफल हा सैन्यातून निवृत्त झालेला सार्जंट. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि सैन्यात माणूस काय काय शिकतो ते मला त्या दिवशी कळलं.

"गच्ची काय खेळायची जागा आहे?" मी सदीनवर ओरडलो. "मैदानात जा ना!"

"मुलींना मैदान नाही, बाबा."

"कोण नाही म्हणतं?"

"कुणीच नाही म्हणत नाही. फक्त गेट उघडत नाही."

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी सुहैल, जमीन नोंदणी कार्यालयात वरिष्ठ कारकून. आमच्याकडे शर्टाच्या खिशाला पेन असलेल्या प्रत्येक माणसाला 'उस्ताद' म्हणतात, माझ्या खिशाला दोन असतात. माझ्या सहीशिवाय या पंचक्रोशीत ऑलिव्हचं एक झाड एका भावाच्या नावावरून दुसऱ्या भावाच्या नावावर जात नाही. असा माणूस चिखलात बादली घेऊन उभा होता. मला राग आला होता, आणि रागाच्या भरात मी म्हणालो, "मैदान काय, मी मिळवून देतो."

सदीनने बादली खाली ठेवली. "शब्द देताय?"

दिला. टाकीसाठी माणूस काहीही देतो.

नंतर कळलं, की पोरगी टपलेलीच होती. गावाच्या युवा केंद्रात तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी एक नेतृत्वाचा कार्यक्रम चालला होता. अम्मानहून एक प्रशिक्षक बाई येत. लोकांसमोर बोलायचं कसं, कुणाला भेटायचं, नकार आला की पुढे काय, हे सगळं शिकवत. मग मुलांनी आपल्याच गावातली अशी एक गोष्ट शोधायची, जिथे मुलींना एक माप आणि मुलांना दुसरं, आणि ती बदलून दाखवायची. सदीनच्या गटात चार मुली आणि दोन मुलगे. त्यांनी मैदान धरलं होतं. मैदान पूर्वी एकदा मुलींना मिळालंही होतं, पण महिन्याभरात मुलांचे सामने लागले आणि मुलींची वेळ गेली ती गेलीच. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी नव्या हंगामाच्या वेळा ठरणार होत्या. आता नाही तर वर्षभर नाही. आणि सदीनच्या बाबतीत वर्षभर नाही म्हणजे कधीच नाही, कारण पुढच्या वर्षी तिचा तौजिहीचा अभ्यास सुरू होणार. आमच्याकडे तौजिहीची, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा जवळ आली की पोराला खेळ, झोप आणि हसू, तिन्ही बंद.

गटाला एक मोठा माणूस पाठीराखा म्हणून लागत होता. प्रशिक्षक बाईंनी मला समजावलं, "उस्ताद, बोलायचं मुलांनी. तुम्ही फक्त पाठीशी राहायचं."

मी मान डोलावली. मला वाटलं, बाई सभ्यपणाने बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कामाला लागलो. सरकारी माणसाला सरकारी काम म्हणजे पाण्यातल्या माशाला पाणी, अशी माझी समजूत. युवा केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले, मैदान क्रीडा समितीचं. क्रीडा समितीचे चिटणीस म्हणाले, मुलींचा विषय महिला विभागाकडे. महिला विभाग म्हणजे दोन शिलाई मशिनं आणि एक फ्रीज. तिथल्या बाईंनी मला ऑलिव्हच्या साबणाची वडी हातात दिली आणि म्हणाल्या, "फुटबॉल आम्ही करत नाही, साबण करतो." मग मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "मैदान क्रीडाकडे येतं. मुली समाजकल्याणकडे. आणि संध्याकाळ म्हणालात ना? दिवे लागणार. म्हणजे संध्याकाळ वीजविभागाकडे. तिघांना एकत्र बसवा, माझी हरकत नाही."

तिघांना एकत्र बसवायचा अधिकार एकाच माणसाला होता, क्रीडा समितीचे अध्यक्ष अबू मिशअल यांना. मी त्यांना फोन केला.

"समितीची बैठक झाली की बघू," ते म्हणाले.

"मग मुलींचा विषय कोणत्या बैठकीत येणार?"

"ते बैठकीत ठरेल."

मी स्वतः आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. पण ऐकायला इतकं वाईट लागतं याची मला खरंच कल्पना नव्हती.

घरी आलो तर अबू नौफल आमच्याकडे बसलेला. माझी बायको हनादी त्याला गालिच्याची समजूत म्हणून खजूर भरलेली मअमूलची बिस्किटं खाऊ घालत होती. माझी कर्मकहाणी ऐकून तो म्हणाला, "तुम्ही शिकलेली माणसं दारोदार फिरता म्हणून लोक तुम्हाला फिरवतात. जाहा काढा, जाहा!"

आणि मी कपाळावर हात मारून घेतला. हे मला का सुचलं नाही? लग्न जमवायचं असो नाहीतर भांडण मिटवायचं असो, आमच्याकडे शेवटचा दरवाजा एकच. वजनदार माणसांची जाहा जमवायची, अंगावर जरीकाठाचे झगे चढवायचे आणि समोरच्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं. यजमान कडू कॉफी देतो. कॉफीचं ते बिनकानाचं इवलंसं फिंजान उचलायचं आणि ओठाला न लावता समोर ठेवून द्यायचं. मागणी मान्य होईतो प्यायची नाही. पाहुणे कॉफी तशीच टाकून उठले, तर त्या घराला तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि यजमान एकदा म्हणाला, 'प्या, ज्यासाठी आलात ते दिलं,' की संपलं. त्या शब्दावर ना अपील, ना तारीख.

सदीन दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे लकाकले. "म्हणजे आम्ही जायचं आणि कॉफी ठेवायची?"

"तुम्ही नाही गं," अबू नौफल हसला. "जाहेत मुली कुठे असतात?"

"मैदान मुलींसाठी मागायचं आणि मुली घरी बसणार?" ती माझ्याकडे वळली. "बाबा, आमच्याच मागणीत आम्ही कुठे?"

मी म्हणालो, बरं, गट पुढे, मोठे मागे. मी नेहमी आधी होच म्हणतो. त्याने चर्चा वाचते.

अबू नौफलच्या मते दहा माणसं पुरली असती. पण जाहेला बोलावलं नाही हा अपमान आमच्याकडे माणूस मरेपर्यंत लक्षात ठेवतो. डॉक्टरांना सांगितलं म्हणून निवृत्त ब्रिगेडियरांना सांगावं लागलं. त्यांना सांगितलं म्हणून त्यांच्या व्याह्यांना. माझ्या साहेबांना टाळता येईना, आणि साहेब येणार म्हटल्यावर अख्खं कार्यालय झग्यांना इस्त्री करू लागलं. आकडा चाळीसवर गेला. कशासाठी जायचंय हे त्यातल्या कुणीही विचारलं नाही. जाहेला माणूस बोलावणं आलं की जातो, कारण विचारणं हलकेपणाचं. मीही सांगितलं नाही. ब्रिगेडियरसाहेबांना फोनवर 'मुलींचा फुटबॉल' असं सांगायला माझी जीभ रेटेना.

बोलणारा म्हणून हाज्ज झैदान ठरले. ऐंशीच्या घरातले, पांढरी शुभ्र दाढी, आवाज मशिदीतल्या कर्ण्यासारखा. या टापूतली अर्धी लग्नं त्यांनी मागून आणलेली. माझं स्वतःचंही. त्यांना मात्र मी सगळं नीट समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "निर्धास्त राहा, बेटा. माझं फिंजान आजवर कुणी परत पाठवलेलं नाही."

उरला निरोप. अबू नौफलने बजावलं, "विषय फोनवर काढायचा नाही. जाहेचं वजन जातं." म्हणून मी अबू मिशअलना एवढंच म्हणालो, "गुरुवारी दुपारी असरच्या नमाजानंतर तुमच्याकडे कॉफी प्यायला यायचं म्हणतोय. चार मोठी माणसं आहेत बरोबर."

पलीकडून मधात घोळल्यासारखा आवाज आला. "उस्ताद सुहैल, घर तुमचंच आहे. मला विचारायचं असतं का?"

दोन दिवसांपूर्वी मला हिडीसफिडीस करणारा माणूस! मी फोन ठेवला आणि हनादीला म्हणालो, "बघितलंस? याला वजन म्हणतात."

अबू मिशअलची मुलगी अरीज लग्नाची आहे, हे मला माहीत नव्हतं का? अख्ख्या गावाला माहीत होतं. बाजारातलं औषधाचं दुकान तीच चालवते. पण मैदान आणि अरीज या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एका कप्प्यात नव्हत्या. त्या अबू मिशअलच्या डोक्यात होत्या.

त्यात माझा मेहुणा मुहन्नद. हा कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला, वय चौतीस, अविवाहित, आणि त्याच्याकडे मोठी गाडी. मुलांना न्यायला म्हणून मी त्याला बोलावलं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, चाळीस प्रतिष्ठित माणसांत माझा मुलगा ड्रायव्हर दिसायला नको. म्हणून त्यांनी त्याला निळा सूट घातला, केस चोपडले, आणि इतकं अत्तर लावलं की गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागल्या.

गुरुवारी गाड्यांची रांग अबू मिशअलच्या दारात लागली. पाहतो तर अंगण धुतलेलं, भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि आतून कुनाफ्याच्या मिठाईची परातच्या परात जाताना दिसली. माझ्या मनात आलं, मैदानासाठी एवढा कुनाफा? पण मी तो विचार गिळला. माणसं आदर करतायत, तर करू द्यावा.

दारात अबू मिशअलच्या पत्नी उम्म मिशअल आल्या, मुलींना पाखरांसारखं गोळा केलं आणि आत बायकांच्या खोलीकडे घेऊन चालल्या. सदीन वळून म्हणाली, "बाबा, गट पुढे ना?"

"जा आत, बोलावतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला आवडलं नाही. गटातले दोघे मुलगे मात्र सरळ पुरुषांच्या दिवाणखान्यात शिरले, बसले, आणि त्यांना कुणी काही विचारलंसुद्धा नाही. माझ्या ते लक्षात आलं. लक्षात येऊनही मी झगा सावरला आणि आत गेलो.

दिवाणखान्यात माणूस माणसाला टेकून बसला होता. अबू मिशअलचा पुतण्या दल्ला, म्हणजे कॉफीची चोचीची किटली, घेऊन फिरू लागला. हा पुतण्या पंचेचाळिशीचा, मिशा अशा की दल्ल्याआधी त्याच पुढे येतात. आमच्याकडे वाढणारा ओततच राहतो. नको असेल तर रिकामं फिंजान हलवून दाखवायचं. हाज्ज झैदान यांनी आपलं फिंजान समोर ठेवलं. चाळीस फिंजानं खाली गेली.

हाज्ज बोलू लागले. आधी ईश्वराची स्तुती. मग अबू मिशअलच्या घराण्याची, मग आमच्या. मग डोंगरांची, ऑलिव्हांची. हाज्जांचं भाषण गेली पन्नास वर्षं तेच आहे आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं. त्याच वेळी त्यांची नजर फिरत फिरत निळ्या सुटावर थांबली. मुहन्नद घामाघूम होऊन मधोमध बसला होता, नवरा मुलगा बसतो तसा. हाज्जांचा चेहरा उजळला.

"...आणि म्हणून, हे थोर यजमान, आम्ही तुमच्या दारी आलो आहोत, तुमची सुशील कन्या अरीज हिचा हात आमचा मुलगा मुहन्नद याच्यासाठी मागायला!"

मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं, तोवर उशीर झाला होता.

अबू मिशअल ताडकन उठले. "प्या कॉफी! ज्यासाठी आलात ते दिलं! ही मुलगी तुमचीच!"

चाळीस माणसांनी एका दमात कॉफी प्यायली. मीसुद्धा. सवयीने हात गेला, काय करू? आतून बायकांच्या किलकाऱ्या उठल्या. साहेबांनी मला मिठी मारली. अबू नौफल कानाशी म्हणाला, "उस्ताद, छुपे रुस्तम आहात! मला वाटलं खरंच मैदान मागताय." मुहन्नदने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्या खोलीत न प्यायलेली फिंजानं फक्त दोन होती. ती त्या दोघा मुलग्यांची.

आणि आतलं दार उघडलं.

सदीन आली, मागून तिघी मैत्रिणी. प्रत्येकीच्या हातात भरलेलं फिंजान. पुरुषांनी गच्च भरलेल्या त्या खोलीतून त्या एकेक पाऊल जपून टाकत, थेंब न सांडता चालत गेल्या आणि अबू मिशअलच्या पुढ्यात चारही फिंजानं ओळीने ठेवली. दोघे मुलगे उठले. त्यांनी आपलीही शेजारी नेऊन ठेवली.

"अम्मो, आम्ही कॉफी प्यायलो नाही," सदीन म्हणाली. आमच्याकडे बापाच्या वयाच्या माणसाला अम्मो म्हणतात, म्हणजे काका.

"अगं, आज तुझ्या मामाचं जमलं! जा, कुनाफा खा."

"आम्ही मामासाठी नाही आलो. मामा गाडी चालवायला आलाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. अबू मिशअल हळूहळू माझ्याकडे वळले. "उस्ताद सुहैल, ही काय म्हणतेय?"

चाळीस तोंडं माझ्याकडे फिरली. मला सरळ दिसत होतं, गप्प बसलो तर सगळं व्यवस्थित आहे. मेहुणा मार्गी लागला, साहेब खूश, माझं नाव वर. फक्त माझी मुलगी तिथे खोटी पडली असती, माझ्या डोळ्यांदेखत. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मला फार लागलं. माझ्याकडून काही होणार नाही हे तिने धरूनच ठेवलं होतं.

मी उठलो. "ती खरं बोलतेय. जाहा मी काढली, मैदानासाठी. मुलींना संध्याकाळी फुटबॉल खेळायला मैदान हवंय. हाज्जसाहेब जरा... पुढे गेले."

"मी पुढे गेलो?" हाज्ज गरजले. "मग या गाढवाने सूट कशाला घातलाय?"

तेवढ्यात अबू मिशअलचा चेहरा पाहिला आणि माझं पाणी पाणी झालं. एवढ्या लोकांसमोर मुलगी दिली, आणि ती कुणी मागितलीच नव्हती! "माझ्या घरात बसून," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीची थट्टा?" ब्रिगेडियरसाहेब झगा गोळा करून दाराच्या अंतराचा अंदाज घेऊ लागले.

"बाबा," दारातून आवाज आला. अरीज होती. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हातून जातात, त्यामुळे सगळे आपोआप नीट बसले. "मागणी चुकून आली का ठरवून आली, मला घेणं नाही. मला कुणी विचारलं नाही. आता सगळ्यांसमोर सांगते, मला हा मुलगा पसंत नाही. आमच्याकडून नकार आहे."

बस्स. एका वाक्यात घराची लाज राखली गेली. मुलीकडून नकार गेला की मुलीचं घर ताठ मानेने उभं असतं, पडतो तो मुलगा. अबू मिशअलची छाती पुन्हा फुगली. मुहन्नद बिचारा सुटात आणखी आत गेला. "मी काही मागितलंच नव्हतं आणि सगळ्या गावासमोर नकार मिळाला," असं तो आजही येईल त्याला सांगतो.

"तर मग," अबू मिशअल मोठ्या मनाने म्हणाले, "एक मागणी परत गेली. पण माझ्या घरून जाहा रिकाम्या हाताने जात नाही. बोल पोरी."

"सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी मैदान मुलींना. दिवे लावून. पूर्ण हंगाम."

"पी कॉफी. बघू."

"'बघू'वर कॉफी पिता येत नाही, अम्मो."

हाज्ज झैदान यांच्या तोंडून नकळत "वा!" गेला. अबू मिशअलनी त्या सहा फिंजानांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, दारातल्या लेकीकडे पाहिलं. सुटका नव्हती.

"प्या," ते म्हणाले. "ज्यासाठी आलात ते दिलं."

सहाही पोरांनी कॉफी तोंडाला लावली. ती कॉफी आधीच कडू, त्यात थंडगार झालेली. सदीनने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि खोली हसून मोकळी झाली. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या साहेबांच्या पाठीवर थाप मारली. पुतण्या दल्ला घेऊन पुन्हा फिरला. सदीनने फिंजान हलवलं नव्हतं, त्याने ते भरलं. मग माझंही भरलं.

सदीनने फिंजान उचललं. आणि तिने ते अबू मिशअलच्या पुढ्यात पुन्हा ठेवून दिलं.

"आता काय?" अबू मिशअल जवळजवळ ओरडले.

"मागेही मैदान दिलं होतं, अम्मो. महिन्यात गेलं. कारण वेळा ठरवतात तिथे आमच्यातलं कुणी नसतं. समितीत तरुणांच्या प्रतिनिधीची एक जागा आहे. ती आम्हाला हवी."

सगळ्यांच्या माना एकदम पुतण्याकडे वळल्या. गेली बारा-पंधरा वर्षं आमच्या तरुणांचं प्रतिनिधित्व तोच करत होता. तो दल्ला आणि मिशा घेऊन जागच्या जागी थिजला.

अबू मिशअल माझ्याकडे वळले. या खेपेला आवाजात राग नव्हता, एका बापाने दुसऱ्या बापाला करावी तशी विनवणी होती. "उस्ताद, तुमची मुलगी आहे. सांगा तिला. पुरे झालं म्हणावं."

माझं भरलेलं फिंजान माझ्या हातात होतं. मी खरंच सांगायला उठलो होतो, की सदीन, बाळ, आज मैदान मिळालं, उरलेलं पुढच्या वर्षी. पण पुढच्या वर्षी ती तौजिहीच्या पुस्तकांत असणार आणि मैदानावर पुन्हा मुलांचे सामने. आणि ती तिथे एकटी उभी होती, मला तिचा भयंकर अभिमान वाटत होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. मी चार पावलं चालत गेलो आणि माझं फिंजान तिच्या फिंजानाशेजारी ठेवलं.

तिने वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं.

मागे खडखड झाली. अबू नौफलने आपलं ठेवलं. "माझा गालिचा बुडालाय," तो म्हणाला, "मलाही काहीतरी मिळायला हवं." मग डॉक्टर, मग माझे साहेब. आणि मग सगळ्यांना बाजूला सारत हाज्ज झैदान पुढे आले. "जाहेचा प्रमुख कोण? मी. मागणी कोण घालणार? मी." त्यांनी फिंजान ठेवलं, दाढीवरून हात फिरवला.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "हाज्जसाहेब, समिती. लग्न नाही."

त्यांनी मला कोपराने दूर ढकललं आणि ईश्वराच्या स्तुतीपासून सुरुवात केली.

"नको! हाज्जसाहेब, पाया पडतो, नको!" अबू मिशअल दोन्ही हात वर करून उठले. "दिली! जागा दिली! सगळ्यांनी प्या. आणि कुणीतरी त्या पोरीला फिंजान हलवायला शिकवा रे, नाहीतर संध्याकाळपर्यंत माझं घर जायचं!"

सदीनने कॉफी संपवली. या वेळी तोंड वाकडं केलं नाही. पुतण्या दल्ला पुढे करणार, तोच तिने फिंजान दोन बोटांत धरलं आणि मनगटातून असं सफाईने हलवून त्याच्या हातात दिलं, की हाज्ज झैदान यांनाही जमू नये. म्हणजे तिला ते येत होतं. मघाशीही येत होतं.

ते अबू मिशअलच्याही ध्यानात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी झगा सारखा केला आणि समितीच्या अध्यक्षांनी समितीच्या नव्या सभासदाला विचारलं, "तर मग सोमवारी सुरुवात कितीला?"

"साडेपाचला," सदीन म्हणाली. "आणि वेळेवर या, अम्मो."